तोंडपाठ आणि अंगवळणी

भाची नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि महिनाभरात तिने फर्मान काढलं: आजीच्या भाकरीची कृती पाठव, मापासकट. मी वही-पेन घेऊन ओट्याशी उभा राहिलो.

‘पाणी किती?’

‘पाऊण वाटी,’ आई लगेच म्हणाली. ‘वाटीभर पिठाला पाऊण वाटी.’

लिहून घेतलं. पण पुढे बघतो तर तिने वाटीला हातसुद्धा लावला नाही. डाव्या हातात गरम पाण्याचा तांब्या, उजव्या हाताने परातीतलं पीठ ओढायचं, थोडं पाणी सोडायचं, थांबायचं, मळायचं, बोटं ओली करून पुन्हा मळायचं. दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवायला लागलो. चार दिवस हा उद्योग चालला. पाऊण वाटी एकदाही भरली नाही. रोजचा आकडा निराळा आणि रोजची भाकरी मात्र तशीच, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. एके दिवशी पीठ परातीत पडताच चिमटीत घेऊन ती म्हणाली, ‘विरी गेलीय याची, चिकटपणाच उरला नाही,’ आणि पाणी पुन्हा गॅसवर ठेवून चांगलं कढत करून आणलं. चिमटीला काय कळलं, हे तिला सांगता आलं नाही.

‘अगं, पण तू पाऊण वाटी म्हणाली होतीस ना?’

‘मग? तेवढंच तर घातलं!’

ती खोटं बोलत नव्हती. मी माप विचारलं, तोंडाने माप सांगितलं. भाकरी करणारा हात या संभाषणात कुठेच नव्हता. पन्नासेक वर्षं एकाच शरीरात राहून त्या दोघांची या विषयावर कधी गाठच पडली नसावी.

मेंदूवरच्या या पुस्तकात नेणिवेचं प्रकरण कुठून सुरू करावं, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. तळघर, समुद्रातला हिमनग, बंद खोली या प्रतिमा वापरून वापरून गुळगुळीत झाल्या आहेत. परातीपासून सुरुवात केलेली बरी. शिवाय आपल्या भाषेत या कामाचे दोन शब्द तयारच आहेत. पाढे तोंडपाठ असतात. पोहणं, सायकल, भाकरी थापणं हे अंगवळणी पडतं. सायकल तोंडपाठ आहे असं कोणी म्हणत नाही. बोलणाऱ्यांना हा फरक फार पूर्वीच कळला होता. मेंदूशास्त्राला तो पटायला विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला, आणि त्यासाठी एका तरुणाच्या आयुष्याची किंमत मोजावी लागली.

त्याचं नाव हेन्री मोलेसन. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला, जन्म १९२६चा. लहानपणापासून त्याला फिट यायच्या. वाढत्या वयात त्या इतक्या वाढल्या की कामधंदा अशक्य झाला. औषधं हरली. १९५३ साली, हेन्री २७ वर्षांचा असताना, हार्टफर्डमधले शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतल्या अंगाचा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचाही बराच भाग गेला. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हे ग्रीक वळणाचं नाव मिळालं. तो नेमकं काय करतो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं. फिट पुष्कळ कमी झाल्या. तेवढ्यापुरती शस्त्रक्रिया यशस्वी म्हणायची.

पण हेन्रीच्या आयुष्यात पुढे नवीन काही साठेना. बालपण आठवे, आईवडील आठवत, बुद्धी शाबूत, स्वभाव गोड, शब्दकोडी सोडवण्याची हौस. मात्र समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत आला की तो नवखा. पुढे पन्नासहून अधिक वर्षं हा माणूस त्याच त्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा पहिल्यांदा भेटत राहिला. मृत्यूपर्यंत, म्हणजे २००८पर्यंत, शास्त्रीय लेखांत त्याचं नाव फक्त ‘एच. एम.’ एवढंच छापलं जाई.

माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला येत. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७चा लेख आज स्मृतीच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. पण मला त्याहून मोठा वाटतो तो मिल्नरबाईंचा एक साधा, शाळकरी वाटावा असा प्रयोग. कागदावर एक चांदणी, तिला दुहेरी रेघ. दोन रेघांच्या मधल्या पट्टीतून पेन्सिल फिरवून चांदणी पुन्हा काढायची. मेख अशी, की हात आणि कागद फळीआड झाकलेले. ते दिसणार फक्त आरशात. करून बघा. पहिल्या कोपऱ्यावरच हात अडतो, उलटीकडे पळतो, रेघ सोडून भलतीकडेच जातो. आपलाच हात आपलं ऐकत नाही म्हणजे काय, हे तिथे समजतं. हळूहळू तो सरावतो.

हेन्रीने तीन दिवसांत ही चांदणी तीस वेळा काढली. दर वेळी प्रयोग त्याला नव्याने समजावून सांगावा लागे, कारण असं काही आपण पूर्वी केलंय हे त्याला मान्यच नसे. आणि दर वेळी चुका कमी होत. दुसऱ्या दिवशीची सुरुवात पहिल्या दिवशीच्या सुरुवातीसारखी नव्हती. काल जिथे सोडलं होतं, साधारण तिथून हात पुढे निघाला. तिसऱ्या दिवशी रेघ जवळजवळ निर्दोष आली, तेव्हा तो स्वतःच चकित झाला. हे अवघड जाईल असं वाटलं होतं, पण जमलं की, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. हाताने तीन दिवसांची शिकवणी घेतली होती आणि तोंडाला त्याचा पत्ता नव्हता.

तोंडपाठ जिथे होतं ती वाट कापली गेली होती, अंगवळणी पडण्याची वाट शाबूत होती. म्हणजे या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात.

याची एक चाहूल त्याच्या चाळीसेक वर्षं आधी लागली होती, पण तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. जिनिव्हातले डॉक्टर एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक ४७ वर्षांची रुग्ण होती. तिचीही नवी स्मृती गेलेली. डॉक्टर रोज भेटत आणि रोज नव्याने ओळख करून द्यावी लागे. एके दिवशी क्लापारेद यांनी बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. (आजची कुठलीही नैतिकता समिती या डॉक्टरांना दारात उभं करणार नाही.) टाचणी टोचली, बाई कळवळल्या आणि थोड्या वेळात विसरल्या. पुढे डॉक्टरांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा मात्र त्यांनी आपला हात झटक्यात मागे घेतला. का? तर, हात मागे घ्यायचा माणसाला हक्क नाही का? खोदून विचारल्यावर म्हणाल्या, कधीकधी लोक हातात टाचण्या लपवतात. आपल्याला टोचली होती, ही आठवण त्यांनी कधीच सांगितली नाही. क्लापारेद यांनी हे १९११ साली प्रसिद्ध केलं. या गोष्टीत टाचणीपेक्षा मला ते उत्तर जास्त टोचतं. हात मागे का गेला हे तोंडाला माहीत नव्हतं, पण म्हणून तोंड गप्प बसलं नाही. त्याने आयत्या वेळी एक कारण शिवून दिलं. हा शिंपी आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

अंगवळण मेंदूत राहतं कुठे? एका जागी नाही. एक भाग म्हणजे मेंदूच्या खोल गाभ्यातला चेतापेशींचा पुंजका, बेसल गँगलिया. सवयी तिथे मुरतात. दुसरा म्हणजे मागच्या बाजूला, मानेच्या वर बसलेला लहान मेंदू. ‘लहान’ हे नाव जरा अन्यायाचंच आहे. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यातल्या जवळपास ६९ अब्ज, म्हणजे पाचात चार, एकट्या लहान मेंदूत असतात. वजनाने तो एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याइतका. आणि आयुष्यभर आपण ज्याला ‘मी’ म्हणतो, त्याला या गर्दीकडून एक चिठ्ठीही येत नाही. तोल सांभाळला जातो, घास बरोबर तोंडात जातो, जिन्याची शेवटची पायरी पायाला आधीच कळते. काम चोख, आवाज नाही.

आवाज येतो तो हे बिघडल्यावर. कंपवातात बेसल गँगलियाला रसद पुरवणाऱ्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजतात. आपल्याला कंप तेवढा दिसतो, पण घरच्यांना विचारा, ते दुसरंच सांगतील. चालणं, शर्टाची बटणं, सही, अंथरुणात कूस बदलणं, जे आजवर आपोआप होत होतं ते सगळं आता विचार करून करावं लागतं. हेन्रीच्या बरोबर उलट. इथे तोंडपाठ शिल्लक आहे, अंगवळण गेलंय. पाय उचल, पुढे टाक, आता दुसरा. तोंडाने हुकूम द्यायचे आणि पाय जमिनीला चिकटलेले. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या काकांना कंपवात होता. सपाट जमिनीवर ते अडखळत, पाय घासत चालायचे. एकदा त्यांनी पुतणीला जिना उतरून दाखवला, आणि ते सहज उतरले! पायऱ्या डोळ्यांना दिसतात, प्रत्येक पायरी पावलाला स्वतंत्र खूण देते, आणि मग मेंदू आतून येणाऱ्या तालावर अवलंबून न राहता बाहेरच्या खुणेवर चालतो. सोनेजींनी घरातल्या सपाट फरशीवर जिन्याचा आभास होईल असं चित्र चिकटवलं. काका त्यावरून चालत गेले. चित्र संपलं तिथे पाय पुन्हा थबकले. सोनेजींनी हे सगळं एका भाषणात दाखवलंय, ते चित्रीकरण प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने बघावं असं माझं मत आहे.

इथवर वाचून काही वाचक चुळबुळत असतील. नेणीव म्हणजे फ्रॉइड ना? तो अजून कसा आला नाही?

येऊ द्या. फ्रॉइड मुळात चेतासंस्थेचा डॉक्टर. १९०० साली स्वप्नांवरचं त्याचं पुस्तक आलं आणि ‘अबोध मन’ हा शब्दच त्याच्या मालकीचा होऊन बसला. आपल्याकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, मतभेदही होते आणि ते त्यांनी दबून मांडले नाहीत. १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कोलकात्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती गेली, ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. व्हिएन्नाच्या त्या नास्तिकाच्या टेबलावरचा विष्णू मला नेहमीच गमतीचा वाटत आलाय.

फ्रॉइडचं एक देणं मी मान्य करतो. माणूस आपल्या वागण्याचं जे कारण सांगतो ते खरं असेलच असं नाही, हे त्याने लोकांच्या गळी उतरवलं. पण त्याची नेणीव फार बोलकी आहे. तिथे दडपलेल्या इच्छा आहेत, त्या वेषांतर करून स्वप्नात येतात, जीभ घसरली की डोकावतात, आणि कोचावर झोपून बोलत राहिलं की अखेर सापडतात. म्हणजे तिथेही तोंडच. आईच्या चिमटीला विरी गेलेली कळते, त्यात काहीही दडपलेलं नाही. ते शब्दांत कधी नव्हतंच, मग दडपणार काय? कोचावर शंभर तास बोलून तिला ते सापडणार नाही. नेणिवेचा फार मोठा भाग मला असा दिसतो: गुपित वगैरे काही नाही, नुसता अबोल.

एक छोटी गंमत. शाळेत बाई म्हणायच्या, ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ आता न हलता सांगा, तुमच्या घडीत कुठला हात वर असतो? बहुतेकांना घडी घालून बघावीच लागते. आता मुद्दाम उलटी घाला. हात आपलेच, घडी परक्याची वाटते.

इथपर्यंत सवयींबद्दल बोललो. पण बघणं? ते तरी जाणिवेच्या ताब्यात असेल, असं वाटतं. १९७३ साली लंडनमध्ये एका माणसाच्या मेंदूच्या मागच्या, उजव्या बाजूचा भाग रक्तवाहिन्यांच्या गुंत्यापायी काढावा लागला. हा भाग दृष्टीचा. परिणामी त्याच्या नजरेचा डावा अर्धा भाग आंधळा झाला. लॉरेन्स वाइसक्रांझ आणि सहकाऱ्यांनी त्या आंधळ्या अर्ध्यात प्रकाशाचा ठिपका दाखवला. दिसतंय का? नाही. बरं, अंदाजे बोट दाखवा. त्याने दाखवलं, आणि बोट ठिपक्याच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ गेलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आपण निव्वळ ठोकून देतोय अशी त्याची समजूत होती. निकाल सांगितल्यावर तोच सगळ्यात जास्त थक्क झाला. तोंड म्हणतं दिसत नाही, हात म्हणतो तो बघा तिथे. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटा एकाहून जास्त आहेत. मोठा रस्ता उद्ध्वस्त झाला तरी उत्क्रांतीत फार जुनी असलेली एक पायवाट शिल्लक राहते, आणि ती जाणिवेच्या चौकातून जात नाही.

आता तो शिंपी.

आपल्या मोठ्या मेंदूचे दोन अर्ध एका जाड पुलाने जोडलेले असतात, त्यात सुमारे वीस कोटी तंतू. काही रुग्णांच्या फिट एका अर्धातून दुसऱ्यात पसरू नयेत म्हणून हा पूल कापला जाई. अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल गझॅनिगा यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात काम सुरू केलं. स्पेरींना १९८१चं नोबेल मिळालं. पूल कापलेला माणूस चहा पिताना, गप्पा मारताना वेगळा वाटत नाही. मात्र नजर एका बिंदूवर खिळवली, तर डावीकडचं चित्र फक्त उजव्या अर्धाला दिसतं, उजवीकडचं फक्त डाव्याला. बोलणं सहसा डाव्या अर्धाच्या हाती. उजवा अर्ध बघतो, समजतो, डावा हात चालवतो, पण त्याला तोंड नाही.

पुढे सत्तरच्या दशकात गझॅनिगा आणि जोसेफ लडू यांनी पी. एस. या किशोरवयीन मुलावर प्रयोग केला. डाव्या अर्धाला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फात बुडालेलं दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं, कारण बर्फ उपसायला फावडं लागतं. दोन्ही निवडी बिनचूक. मग विचारलं, ही दोन का निवडलीस?

उत्तर देणार कोण? तोंड, म्हणजे डावा अर्ध. त्याने बर्फ पाहिलेलाच नाही. त्याला दिसतोय फक्त आपल्याच डाव्या हाताखाली आलेला फावड्याचा फोटो. सरळ म्हणता आलं असतं, फावड्याचं मला माहीत नाही. मुलगा क्षणभरही अडखळला नाही. पंजा कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं, असं त्याने सांगून टाकलं. किती बेमालूम टाका! आपल्याला आतली गोष्ट माहीत आहे म्हणून हसू येतं. मुलाला ते कारण अगदी खरं वाटत होतं. क्लापारेद यांच्या बाईंना टाचण्यांचं वाटलं तसंच, आणि आईला पाऊण वाटीचं वाटलं तसंच. गझॅनिगांनी डाव्या अर्धातल्या या कामगाराला दुभाष्या असं नाव दिलं. मला दुभाष्यापेक्षा शिंपीच पटतो. दुभाष्याला निदान दुसऱ्या पक्षाचं ऐकू तरी येतं.

पूल शाबूत असलेल्या तुमच्याआमच्यातही तो शिंपी दिवसभर बसलेला असतो. फरक इतकाच, की त्याच्याकडे आतून बऱ्याच बातम्या येतात, त्यामुळे टाके बहुतेक वेळा जमतात आणि पकडले जात नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याबद्दल म्हणतो. नाचणाऱ्याला मात्र अंगण खरोखरच वाकडं दिसत असतं. घर का घेतलं, लग्न का मोडलं, अमुक उमेदवाराला मत का दिलं, या प्रश्नांवर आपण ठासून उत्तरं देतो, तेव्हा त्यातलं किती पंजाचं आणि किती बर्फाचं, हे ओळखायची सोय मेंदूने ठेवलेली नाही. वर्षानुवर्षं हे वाचूनही मला स्वतःचा एकही टाका रंगेहाथ पकडता आलेला नाही.

राहता राहिली भाकरी. मी पाठवलेल्या कृतीने भाचीच्या भाकऱ्या चिरल्या. पाऊण वाटीने दुसरं काय होणार होतं? तिने काही दिवसांनी नाद सोडला. पुढे आईचा खांदा दुखायला लागला, थापणं जमेना, आणि भाकरीचं काम माझ्याकडे आलं. पहिले तीन-चार महिने कडा चिरायच्या, भाकरी तव्यावर टाकताना मोडायची. आई खुर्चीत बसून सूचना द्यायची, त्यांचा उपयोग शून्य. मग कधीतरी त्या मोडेनाशा झाल्या. कधी, ते सांगता येणार नाही.

परवा भाचीने व्हिडिओ कॉल केला. समोर परात, परातीत पीठ.

‘मामा, पुन्हा करून बघतेय. पाणी किती घालू?’

‘पाऊण वाटी,’ मी म्हणालो. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. माझ्या डाव्या हातात तांब्या होता.